उ: सरदार क्लास – सोनं आणि शिपाई की हुकूम?

फासे टाकून पात्रं साकारायच्या टेबलटॉप भूमिका-खेळात सरदार हा क्लास (पात्राचा प्रकार) घेणाऱ्याला पहिल्या लेव्हललाच भरपूर सोनं आणि चार शिपाई द्यावेत, अशी सूचना इथे आली आहे; ती मला पटत नाही. सोन्याने चिलखत, औषधं, मंतरलेली शस्त्रं सगळंच विकत घेता येतं, म्हणजे तो बाकीच्या क्लासचंही काम करायला लागतो. शिपायांचा त्रास त्याहून मोठा. लढाईत प्रत्येकाची वेगळी पाळी आली की एकच खेळाडू पाच वेळा फासे टाकतो आणि बाकीचे ताटकळतात. शिपाई ठेवायचेच असतील तर एकच ठेवा, आणि सरदाराने स्वतःची कृती खर्च केली तरच तो हलेल असा नियम करा.

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या भूमिका-खेळाच्या २००८ मधल्या चौथ्या आवृत्तीतला वॉरलॉर्ड हा क्लास जरूर पाहा. तो आपला हल्ला सोडून साथीदाराला हल्ला करायला लावू शकतो. हुकूम देणारं पात्र असंच हवं! त्यात बाकीच्या खेळाडूंनाही मजा येते, आणि निर्जन भुयारात घराण्याचं नाव कुणी ओळखत नसलं तरी ही ताकद चालते.

दरबारातल्या वजनासाठी प्रत्येक साहसाला मोजके 'प्रतिष्ठा गुण' ठेवता येतील. एक खर्चला की बंद दरवाजा उघडेल किंवा एखादा कैदी सुटेल, पण कुणाचं तरी देणं डोक्यावर बसेल. ते देणं गेम मास्टरने (खेळ चालवणाऱ्याने) पुढे खरोखर वसूल करावं, नाहीतर गुण फुकटच वाटल्यासारखे होतील.