धीरज सिंग (गोलकीपर): २०१७ नंतर गाडी नक्की कुठं अडली?

रंकाळा_नऊ
मंडळी, २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप आठवतोय का? आम्ही कोल्हापूरवाले खरं तर आपल्या अनिकेत जाधवसाठी टीव्हीसमोर बसलेलो (भारताच्या मॅचेस आधी नवी मुंबईला होणार होत्या, मग दिल्लीला नेल्या, तो राग अजून आहे) पण शेवटी सगळ्यांच्या तोंडात नाव बसलं ते मणिपूरच्या धीरजचं. तीन मॅचमध्ये नऊ गोल खाल्ले, अमेरिका ०-३, कोलंबिया १-२, घाना ०-४, तरी आमच्या घरात त्याला कुणी एक शिवी घातली नाही, कारण हा पोरगा नसता तर आकडा कुठं गेला असता विचारू नका. कोलंबियाला आपल्या जिकसनने हेडर मारला, १-१, घरात नाचानाच, आणि मी चहाचा कप खाली ठेवेपर्यंत त्यांनी परत मारला.

मला वाटलेलं, झालं, आता दहा वर्षं इंडियाच्या गोलची चिंता मिटली. मग? माझा भाचा पंधरा वर्षांचा आहे, गोलकीपरच, यंदा अख्खा सीझन बेंचवर. परवा विचारतो, मामा धीरजचं पुढं काय झालं? मला नीट सांगताच येईना.

फातोर्डा_गेट
अडली कुठे, थांबत थांबत चालली म्हणा. वर्ल्ड कपनंतर स्कॉटलंडला मदरवेल क्लबची ट्रायल, तिथं काही जमलं नाही. २०१८ ला केरळा ब्लास्टर्सनी अठराव्या वर्षी थेट आयएसएलच्या (आपली मोठी फुटबॉल लीग) पहिल्या मॅचला उभा केला, कोलकात्यात तिथल्याच एटीके क्लबला २-० हरवलं. मग तोच एटीकेकडे गेला आणि तिथं कीपर अरिंदम भट्टाचार्य फॉर्मात, म्हणजे हा जवळजवळ बाकावरच.

जानेवारी २०२१ ला आमच्या एफसी गोवात आला. आता खरी गंमत ऐका. मार्चमध्ये मुंबई सिटीबरोबर आयएसएल सेमीफायनलचा दुसरा लेग (दोनपैकी दुसरी मॅच), ०-० चालू, एक्स्ट्रा टाइम संपत आला, आणि कोचने शूटआउटसाठी (पेनल्टींवर निकाल) धीरजला बाहेर काढून नवीन कुमार नावाच्या दुसऱ्या कीपरला आत घातलं!! एकशेवीस मिनिटं गोल खाल्ला नाही आणि पेनल्टीला तू नको. हरलो आम्ही ६-५. (मुंबईनेही आपला कीपर अमरिंदरला काढून फुर्बाला आणलेलं, त्यांचं चाललं.)

आणि एप्रिलमध्ये हाच धीरज एएफसी चॅम्पियन्स लीगला (आशियातल्या क्लबांची स्पर्धा) गोव्यातल्या फातोर्डा स्टेडियमवर कतारच्या अल रय्यानसमोर उभा, त्यांचा कोच लोराँ ब्लाँ, फ्रान्सच्या १९९८ च्या वर्ल्ड कप विजेत्या टीममधला. ०-०. नंतर यूएईच्या अल वहदाशी पण ०-०. इराणच्या पर्सेपोलिसची एक पेनल्टी पण अडवली. कोविडमुळे स्टेडियम रिकामं, त्यामुळे टीव्हीवर याचं ओरडणं स्पष्ट ऐकू यायचं, डिफेंडरना सारखा हाका मारतोय. घरापासून दहा मिनिटांवर मॅच आणि मी सोफ्यावर, काय सांगू.

लोकल_८_१२
मुंबई सिटीवाला बोलतोय. केरळाच्या त्या सीझनला दुसऱ्याच मॅचमध्ये कोचीत आमच्या प्रांजल भूमिजने इंज्युरी टाइममध्ये लांबून असा काही हाणला की धीरज नुसता बघत राहिला, १-१ 😄 त्याची चूक नव्हती पण गोलकीपरचं असंच असतं, लोकांना तेवढंच आठवतं.

बेंचवरचा_कीपर
मी जिल्हा लेव्हलला सहा वर्षं कीपिंग केलंय त्यामुळे थोडं कडू लिहितो. स्ट्रायकर फॉर्मात नसला तर त्याला विंगला टाकता येतं, शेवटची वीस मिनिटं देता येतात, कीपरला यातलं काहीच नाही, जागा एकच आणि वरचा माणूस जखमी झाला किंवा त्याने माती खाल्ली तरच नंबर लागतो. आणि कोच म्हणतो ट्रेनिंगमध्ये दाखव, अरे पण मॅचमधला कॉर्नर, सात जण अंगावर, ते ट्रेनिंगमध्ये कुठून येणार?

इंडियाचा कीपर गुरप्रीतचं बघा की, साडेसहा फुटी माणूस, २०१४ ला नॉर्वेच्या स्टाबेक क्लबला गेला आणि लीगमधली पहिली मॅच मिळाली थेट २०१६ च्या मे महिन्यात. इटलीच्या डोनारुम्मासारखं सोळाव्या वर्षी मिलानच्या गोलमध्ये उभं राहणं हा अपवाद आहे, त्याच्याकडे बघून पोरं फुकट झुरतात. धीरजला उंचीही गुरप्रीतएवढी नाही, हे पण धरा.

रंकाळा_नऊ
भारीच माहिती दिली राव. पण ते शूटआउटला बाहेर काढणं लई लागलं मनाला.

फातोर्डा_गेट
अहो त्याचा शेवट राहिलाच की सांगायचा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अंडर-२३ आशिया कपच्या क्वालिफायरला, यूएईत, किर्गिझस्तानबरोबर ०-०, आणि ग्रुपमधला दुसरा नंबर ठरवायला शूटआउट. यावेळी कुणी काढलं नाही. दोन अडवल्या त्याने, ४-२ जिंकलो.

रंकाळा_नऊ
हे आत्ताच भाच्याला फोनवर वाचून दाखवलं. म्हणतो, मामा त्या दोन कुठल्या बाजूला अडवल्या ते विचार 😂 कुणाकडे व्हिडिओ असेल तर टाका.