प्रति: फक्त फोनोवर येणारी घरघर

फिल्टर कॅपॅसिटर (वीजपुरवठ्यातली घरघर गाळणारे) बदला, हा या चर्चेत वर कुणीतरी दिलेला सल्ला बरोबर आहे, पण इतक्यात नको. प्रीअँपवर (अँपच्या आधीच्या भागावर) सीडी लावली की सगळं शांत आणि फोनो (टर्नटेबलचं इनपुट) निवडलं की घरघर, असं तुम्ही लिहिलंय. फोनोत गेन (सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण) खूप असतो, शिवाय आरआयएए करेक्शनमुळे (रेकॉर्डवर मुद्दाम कमी केलेला खर्ज परत वाढवतात, त्यामुळे) ५० हर्ट्झला (मेन्सच्या विजेची फ्रिक्वेन्सी) १००० हर्ट्झपेक्षा सुमारे १७ डेसिबल, म्हणजे जवळजवळ सातपट जास्त उठाव मिळतो. त्यामुळे इतरत्र ऐकूही न येणारा दोष तिथे ठळक होतो. आधी टर्नटेबलच्या वायरी काढा आणि फोनो इनपुटला शॉर्ट केलेल्या (आतला-बाहेरचा संपर्क जोडलेल्या) आरसीए पिना लावा. आवाज थांबला तर टोनआर्मची अर्थ वायर आणि कार्ट्रिजची (सुई बसवलेल्या भागाची) जोडणी तपासा. तसाच राहिला तर दोष प्रीअँपच्या आत आहे.

ट्यूबच्या हीटरचा (कॅथोड तापवणाऱ्या तारेचा; कॅथोड म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) मुद्दा इथे कुणी काढलेला नाही. माझ्या प्रीअँपमध्ये घरघर उजव्याच बाजूला होती. दोन्ही बाजूंच्या १२एएक्स७ ट्यूबची अदलाबदल केली तर ती डावीकडे गेली. म्हणजे उजवीकडच्या मूळ ट्यूबमध्ये हीटरमधून कॅथोडकडे गळती होती. ट्यूब बदलल्यावर मी हीटर वाइंडिंगचा (ट्रान्सफॉर्मरवरच्या हीटरच्या गुंडाळीचा) सेंटर टॅप म्हणजे मधला जोड थेट ग्राउंडला न ठेवता बी-प्लसवरून (ट्यूबच्या उच्च डीसी पुरवठ्यावरून) डिव्हायडर (व्होल्टेज विभागणारे रेझिस्टर) काढून साधारण ४० व्होल्टवर टांगला, डिव्हायडरवर एक कॅपॅसिटरही दिला. उरलीसुरली घरघरही त्याने गेली. हे काम मात्र माहीतगारानेच करावं; बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट राहू शकतात, ते डिस्चार्ज करून, मीटरने मोजूनच आत हात घाला.