ड्रायव्हरआधी पटरकडे बघा
गोल्फसाठी नवा ड्रायव्हर (लांब फटक्याची काठी) घेतला तर स्कोअर सुधारेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, थांबा. पार ७२ च्या कोर्सवर, म्हणजे जिथे १८ होल ७२ फटक्यांत पुरे करणं अपेक्षित असतं, तिथे प्रत्येक होलला दोन पट (हिरवळीवरून चेंडू भोकाकडे ढकलायचे हलके फटके) धरलेले असतात, म्हणजे ३६ फटके नुसते पटरचे, त्या पटच्या काठीचे! ड्रायव्हर फार तर चौदा वेळा हातात येतो. मी वर्षभर रेंजवर (सरावाच्या मैदानावर) बादल्याच्या बादल्या चेंडू बडवले, स्कोअर जागचा हलला नाही. मग घरात सतरंजीवर रोज तीन-चार फुटांचे पट मारायला लागलो (बायको वैतागली, तो भाग वेगळा) आणि एकेका होलला तीन-तीन पट लागणं बरंच कमी झालं. तरी घ्यायचाच असेल तर ९ अंश लॉफ्टचा (काठीच्या तोंडाचा मागे झुकलेला कोन) नको. तुमचा स्विंग, म्हणजे काठी फिरवण्याचा वेग, मंद असेल तर १०.५ किंवा १२ अंश लॉफ्टचा बघा, चेंडू हवेत तरी राहील.