मागच्या अंगणात फरशी आणि शेकोटीचा खड्डा: बजेट २५ हजार, सल्ला हवा (इंदूर)

सुदामानगरकर: घरामागं १० बाय १२ फुटांची मोकळी जागा आहे, सगळी काळी माती. बसायला फरशी आणि मधोमध शेकोटीचा खड्डा करायचाय. २५ हजारांच्या वर जमणार नाही. आई ७८ वर्षांची, वॉकर घेऊन चालते. थंडीत तिला बाहेर शेकत बसता यावं म्हणून हे सगळं. कोणी केलंय का?

कोटावाले: आम्ही पॉलिशचा कोटा दगड टाकला. मजुरीसकट ६५ हजार लागले, पण येणारा प्रत्येक जण विचारतो कुठून आणला. थोडं थांबा, पैसे साठवा, कोटाच करा.

रेवा_तीर: पॉलिशचा कोटा उघड्यावर नको हो! माझे वडील पहिल्याच पावसात त्यावरून घसरले, खुब्याचं ऑपरेशन करावं लागलं.

निवृत्त_ओव्हरसियर: फरशीचं नंतर, आधी माती बघा. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. माझ्या ओट्याचं काँक्रीट दुसऱ्याच उन्हाळ्यात तडकलं, करंगळी जाईल एवढी फट. ९ इंच माती काढा, मुरूम भरा. एकदम नाही, ३-३ इंचांचे थर, पाणी मारून धुम्मस. वर रेती आणि विटा, सिमेंटशिवाय. खचली तर तेवढीच वीट उचलून सारखी करता येते. उतार घरापासून बाहेर, ६ फुटांना १ इंच.

कोटावाले: विटांवर शेवाळ धरतं. कोटाच.

पलासिया_७: मुरूम पाहिजेच. आणि खड्ड्याला कोटा लावू नका, चुनखडीचा दगड तो, आचेनं फुटतो. नदीचे गोटेही नकोत. आमच्याकडं ओला गोटा फुटून कपची पाहुण्यांच्या शालीत घुसली.

बाफलाप्रेमी: खड्ड्यात कणकेचे बाफले भाजणार ना? कंडे आधीच भरून ठेवा, पावसाळ्यात सुके मिळत नाहीत.

रेवा_तीर: गोवऱ्या म्हणा की.

बाफलाप्रेमी: चाळीस वर्षं इंदुरात राहतोय, आमच्या घरात कंडेच म्हणतात. आणि उकडून भाजले तरच बाफले, नाहीतर ती बाटी.

निवृत्त_ओव्हरसियर: खड्डा भट्टीच्या विटांचा, चिखलात बांधा. तळाला खडी.

सुदामानगरकर: सगळ्यांचे आभार. खड्डा रद्द केला. काळ्या मातीत पाणी जिरत नाही, चार महिने डबकंच होणार, आणि वॉकरच्या वाटेत खड्डा मला नकोच. शेकोटीसाठी विटांवर लोखंडी घमेलं ठेवणार. आई म्हणाली, "वाकून कोण बघणार? माझ्या हाताच्या उंचीवर ठेव." फरशीही निम्म्याच जागेत, ६ बाय १०. ओव्हरसियरसाहेब, मुरूम तुमच्याच पद्धतीनं. काल दहा-बारा विटा रेतीत मांडून आईला वॉकर टेकवायला लावला. फटीत रबर अडकलं नाही. मुरमाची ट्रॉली रविवारी येतेय.

कोटावाले: निम्म्यातच करताय, तर कोटा बसला असता.