केळीतल्या मायटोजेनने उंदरांचा जंतुसंसर्ग रोखता येईल का?

रावेरचा केळीबागायतदार
केळीतलं बॅनलेक हे लेक्टिन (साखरेला चिकटणारं प्रथिन) टी-पेशींना, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, विभाजनाला लावतं, म्हणजे ते मायटोजेन आहे. जाग्या झालेल्या टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा हे संदेश देणारं प्रथिन सोडतात आणि त्याने मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, गिळलेले जंतू मारू लागतात. ज्या उंदरांत हे इंटरफेरॉनच नसतं, ते लिस्टेरिया या जिवाणूच्या थोड्याशा मात्रेनेही दगावतात. मग संसर्गाआधी असं मायटोजेन टोचून का पाहू नये? रावेर-यावलची केळी देशभर जाते, तर हे काम जळगावच्या विद्यापीठात व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

धुळ्याची मायक्रोबायोलॉजीवाली
भाऊ, माझा विरोध आहे. लस एका जंतूला ओळखणाऱ्या मोजक्या पेशी वाढवते. असं मायटोजेन पेशींवरच्या साखरेला चिकटतं आणि जंतू कोणता हे न बघता सरसकट टी-पेशी उठवतं. जॅकबीन या शेंगवर्गीय वनस्पतीच्या बियांतलं कॉन-ए हे लेक्टिन उंदराच्या शिरेत टोचलं की याच पेशींमुळे काही तासांत यकृत सुजतं, पेशी मरतात. लिस्टेरियाही यकृतात आणि प्लीहेतच वाढतो. आधीच जखमी यकृतात तो घालून तुम्ही नेमकं काय वाचवणार? कच्च्या राजम्याचंही तसंच. त्यातलं पीएचए हे लेक्टिन प्रयोगशाळेत पेशी वाढवायला 1960 पासून वापरतात, पण तेच खाऊ घातलेल्या रॅटच्या लहान आतड्यात ई. कोलाय बेसुमार वाढतात.

रावेरचा केळीबागायतदार
ताई, मात्रा कमी ठेवता येते. आणि 2015 मध्ये बॅनलेकचा एकच अमिनो आम्ल बदलून केलेला एच84टी हा प्रकार उंदरांत इन्फ्लुएंझावर चालला, हे विसरू नका.

धुळ्याची मायक्रोबायोलॉजीवाली
तो माझ्याच बाजूचा पुरावा आहे. औषध म्हणून वापरता यावं यासाठी त्यांनी त्यातला मायटोजेनचा गुणच जवळपास काढून टाकला. आणि तो विषाणूवर चालला, जिवाणूवर नाही.

नंदुरबारचा डॉक्टर
दोघंही वेळेबद्दल बोलत नाही आहात. मायटोजेन संसर्गाच्या आधी दिलं, बरोबर दिलं की नंतर, यावर निकाल फिरू शकतो. बशीत टी-पेशी किती वाढल्या हे दाखवून संरक्षण सिद्ध होत नाही. प्लीहेतले आणि यकृतातले जिवंत जंतू मोजा, किती उंदीर जगले ते सांगा. आणि एक विनंती, माझ्याकडचे रुग्ण यावरून केळी खाऊन ताप उतरवायला निघतील. हे टोचायच्या शुद्ध प्रथिनाबद्दल आहे, फळाबद्दल नाही, हे वर ठळक लिहा.

रावेरचा केळीबागायतदार
लिहितो, डॉक्टरसाहेब. पण प्रयोग व्हावा हे माझं म्हणणं कायम आहे. एच84टी आणि मूळ बॅनलेक शेजारी ठेवा, यकृताला इजा झाली का हे दाखवणारे रक्तातले एन्झाइमही मोजा. मूळ बॅनलेकवाल्या उंदरांत जंतू कमी निघाले आणि यकृतही शाबूत राहिलं, तर ताई, तुमचा विरोध कशावर उभा राहील?

धुळ्याची मायक्रोबायोलॉजीवाली
दोन्ही एकत्र दिसलं तर मी माघार घेईन. नुसते जंतू कमी झाले तर नाही.