मदत हवी आहे : वाड्याचा नकाशा पाच फुटी चौकोनांत बसत नाही

चिवडाप्रेमी

नमस्कार मंडळी,

आम्ही पाच जण इंदिरानगरला रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स (पात्रं घेऊन, फासे टाकून गोष्ट पुढे नेण्याचा खेळ) खेळतो, खेळवते मी. दोघं नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून एक रविवार फाउंड्रीवर (असे खेळ नकाशावर खेळायचं सॉफ्टवेअर) ऑनलाइन आणि पुढचा रविवार जेवणाच्या टेबलावर कागद पसरून, असं चालतं. म्हणजे नकाशा दोन्हीकडे चालणारा हवा.

परदेशी किल्ले आणि खानावळींचे तयार नकाशे वापरून विटले. यंदा कथा जुन्या नाशकातल्या एका वाड्यात आणली आहे. वाडा खरा, म्हणजे होता. आईच्या आजोळचा. पाडायच्या आधी मामाने टेप धरून सगळा मोजला आणि वहीत उतरवला. वही आता माझ्याकडे आहे. पेन्सिलीनं असं लिहिलंय : "माजघर ५ खण. दार ४ फूट २ इंच उंच, डोकं सांभाळ."

घोळ असा. खेळात एक चौकोन म्हणजे पाच फूट, छापला तर एक इंच. मी डंजनड्राफ्टमध्ये (नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) मामाची मापं जशीच्या तशी उतरवली. माजघर भरलं 23 फूट 4 इंच, म्हणजे चार चौकोन आणि वर पाऊण म्हणावा असा तुकडा. ओसरीचे खांब नेमके चौकोनांच्या पोटात आले. खेळाडू विचारतात, "मी उभा आहे तो खांबात का?" भिंती अडीच फुटी, म्हणजे अर्धा चौकोन. रस्त्याकडून मागच्या अंगणात जाईपर्यंत तीन भिंती लागतात, तोवर सगळं दीड चौकोन सरकलेलं असतं.

माडीचं तर विचारूच नका. वरच्या भिंती फुटभर जाडीच्या, म्हणून खोल्या मोठ्या. खाली जिना चढायला सुरुवात केली की वर थेट मावशीच्या पलंगात निघतो.

चौकाचाही प्रश्न आहे. वाड्यात सगळ्या खोल्या चौकाकडे तोंड करून. फाउंड्रीत एक खेळाडू दिंडी दरवाजातून आत आला की त्याला अर्धा वाडा दिसायला लागतो. रहस्यकथेची वाट!

जाणकारांनी मार्गदर्शन करावं. "तयार नकाशा विकत घे" सोडून काहीही सांगा.

शकुनीमामा२०

ग्रिडच, म्हणजे चौकोनांची जाळीच, काढून टाक. फाउंड्रीत ग्रिडलेस सीन करता येतो, अंतर पट्टीनं मोजायचं. प्रश्न मिटला.

चिवडाप्रेमी

ऑनलाइन मिटला. टेबलावर पाच जण पट्ट्या घेऊन बसले तर भूमितीचा तास होईल. एक जण तर मुद्दाम तिरका चालतो.

पावसाळी_बेडूक

वाचनखूण साठवली. बाकी धाग्याचा काश्मीर होण्याआधी (म्हणजे भलतीच वादावादी सुरू होण्याआधी) एक शंका : वाडा कोणत्या काळातला?

तुळईकाका

तुमच्या खेळातलं मला काही कळत नाही, नातू खेळतो तेवढंच. पण वाडे आयुष्यभर मोजले आहेत, म्हणून विचारतो. खांबाच्या मध्यापासून पुढच्या खांबाच्या मध्यापर्यंत मामांनी किती लिहिलंय?

चिवडाप्रेमी

काका, ओसरीला 4 फूट 8 इंच. माजघरातही तेवढंच. फक्त दिंडी दरवाजापाशी जास्त आहे.

तुळईकाका

मग चौकोन तुमच्याकडे आधीपासून आहे, बाई. त्याला खण म्हणतात.

जुन्या लोकांनी वाडा फुटात बांधलाच नाही. दोन खांबांमधला, दोन तुळयांमधला गाळा म्हणजे खण, आणि घराचा आकार खणांत सांगायचे : पाच खणी ओटी, तीन खणी माडी. मामांनीही वहीत आधी खणच लिहिलेत, फूट नंतर. तुम्ही खणाचे फूट केलेत आणि फुटाचे परत चौकोन करायला निघालात. दोनदा भाषांतर झालं, त्यात अर्थ गळला.

एक खण एक चौकोन धरा. माजघर पाच चौकोन. खांब आपोआप चौकोनांच्या कोपऱ्यावर जातील आणि कोपऱ्यावर कुणी उभं राहत नाही. एका खणामागे चार इंच वाढतात, पाच खणांत 1 फूट 8 इंच. तुमच्या राक्षसाला त्यानं काय फरक पडतो?

मात्र खण एकाच दिशेनं मोजतात. दुसऱ्या दिशेला तुळईची लांबी असते. ती नऊ-दहा फूट असेल तर दोन चौकोन द्या, चौदा-पंधरा असेल तर तीन.

भिंतीचं सांगतो. बाहेरच्या जाड भिंती मोजणीच्या बाहेर ढकला, त्यांची जाडी नकाशाच्या कडेला काढा. आतली जाड भिंत रेषेवर मधोमध ठेवा, दोन्हीकडचा पाव-पाव चौकोन खाऊ द्या. आणि एखादी भिंत चक्क पूर्ण चौकोनाची करा. वाड्यांतले जिने पुष्कळदा भिंतीच्या जाडीतच असायचे, एक माणूस खांदे आवरून चढेल एवढे. तो तुमचा चोरजिना.

सरकारवाडा पाहिला नसेल तर सराफ बाजाराकडे गेल्यावर पाहून या. खांब मोजत चाला, मी काय म्हणतोय ते पायांना कळेल.

शकुनीमामा२०

काका, दंडवत. माझा ग्रिडलेसचा प्रतिसाद मागे घेतो.

@चिवडाप्रेमी, आता माडीचं. तू तिन्ही मजल्यांच्या वेगळ्या फायली केल्यास ना? तिथेच गडबड. डंजनड्राफ्टमध्ये एकाच फायलीत लेव्हल्स घालता येतात, कॅनव्हास सगळ्यांना एकच राहतो. आधी चौकाचे चार कोपरे पक्के कर. चौक तळमजल्यापासून आभाळापर्यंत तोच असतो, म्हणून सगळे मजले त्याच्यावर टांगायचे. मग जिना. जिन्याचे चौकोन वर-खाली तेच ठेवायचे आणि माडीच्या बारीक भिंतींमुळे जी जागा वाढते ती चौकापासून लांबच्या बाजूला जाऊ द्यायची. मावशीचा पलंग तिकडे सरकव.

एक्स्पोर्टही एकाच मापानं. डंजनड्राफ्टचं मूळ चित्र चौकोनाला 256 पिक्सेलचं असतं. तुझा वाडा 20 बाय 30 चौकोन धरला तर 5120 बाय 7680. पुण्याच्या पोरांचं नेट रडेल. फाउंड्रीचं ग्रिड मुळात 100 पिक्सेलचं आहे, त्या मापानं 2000 बाय 3000 होतं, भरपूर झालं. युनिव्हर्सल व्हीटीटी हा फाईल फॉरमॅट निवडलास तर भिंती, दारं, दिवेही बरोबर येतात. फाउंड्रीत त्यासाठी आयात करणारं मॉड्यूल (जोड-प्रोग्राम) लागतं.

चौकातून सगळं दिसतं, कारण वाड्यात खरंच दिसायचं. ते पूर्ण बंद करू नकोस, मजा जाईल. माडीच्या कठड्याला इनव्हिजिबल वॉल टाक : चालणं अडतं, दिसणं अडत नाही. माजघराच्या दारात पडदा असेल तर एथरियल वॉल : दिसणं अडतं, माणूस आरपार जातो. चोरजिन्याला सीक्रेट डोअर, ते फक्त तुला दिसेल. आणि रात्रीचा खेळ ठेव. अंधारात फक्त देवघरातली समई आणि ओसरीवरचा कंदील जळू दे, अर्धा वाडा आपोआप झाकला जाईल.

चिवडाप्रेमी

काय बोलू! खण हा शब्द त्या वहीत पानोपानी आहे आणि मी त्याला "जुनं काहीतरी" म्हणून सोडून देत होते.

काल रात्री एक वाजेपर्यंत बसून तळमजला पुन्हा काढला. खांब कोपऱ्यांवर बसले. फूट घेऊन तीन आठवडे झटत होते, तेच खण घेऊन एका बैठकीत झालं.

छपाईचं मात्र फसलं. ए-फोरवर तुकडे छापून आणले, तर चौकोन इंचापेक्षा बारीक, पात्रांच्या इवल्या मूर्ती एकमेकींच्या मांडीवर.

पावसाळी_बेडूक

दुकानदारानं "फिट टू पेज" ठेवलं असणार. ॲक्चुअल साईझ म्हणायचं आणि एकच कागद काढून शेजारी पट्टी धरायची, दहा चौकोन म्हणजे 25.4 सेंटिमीटर भरले पाहिजेत. ए-फोरवर समास सोडून 7 बाय 10 चौकोन बसतात, तुझा वाडा नऊ कागदांत होईल.

काळाचं उत्तर नाही दिलंस.

चिवडाप्रेमी

पेशवाईचा उत्तरकाळ. गोदेला पूर येतोय, पाणी तळघरात चढतंय, आणि खेळाडूंना वेळ कळावी म्हणून मी फेरीगणिक सांगते : पाणी रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या घोट्याला, गुडघ्याला, कमरेला. पाण्याचा वेगळा थर केलाय, दर वेळी एक पायरी वर.

पावसाळी_बेडूक

तेव्हा ती मूर्ती होती का पण?

चिवडाप्रेमी

आमच्या पेशवाईत तळघरात ड्रॅगन आहे, बेडकोबा.

शकुनीमामा२०

😂 खेळ कसा झाला ते लिही.

चिवडाप्रेमी

परवाच्या ऑनलाइन रविवारचा वृत्तान्त : मी कठड्याला इनव्हिजिबलऐवजी एथरियल टाकून ठेवलं. आमचा चोर माडीवरून कठड्यातून आरपार चालत सरळ चौकातल्या तुळशीवृंदावनावर पडला. मलाच दिसलं नाही तो का गेला ते. पडण्याचे फासे टाकायला लावले, लंगडत जिन्याकडे गेला आणि तिथे भिंत चाचपताना चोरजिना सापडला. मी तो पुढच्या महिन्यासाठी राखून ठेवला होता.

काका, एक शेवटचं विचारते. मामानं एके ठिकाणी "बळद" आणि एके ठिकाणी "पेव" लिहिलंय. दोन्हीत धान्यच. नकाशावर वेगळं दाखवायचं का?

तुळईकाका

दाखवा. बळद घराच्या आत, भिंत घालून केलेलं. पेव जमिनीत. पूर आला की पेवातलं धान्य आधी जातं. तुमच्या पाण्याच्या थराला ते पहिलं भोक.