गोधडीत राहिलेली टाचणी: कशी शोधता, कशी काढता?

पऱ्हाटी
घटस्थापनेआधीचं धुणं सुरू आहे. काल ओली गोधडी पिळताना तळव्याला टोचलं. आत गंजकी टाचणी होती, शिवून चार वर्षं झालेल्या गोधडीत. जुन्या सगळ्या टाचण्या आठवल्या, म्हणून हा धागा. ज्याला जे ठाऊक आहे ते इथे लिहा, धुण्याच्या दिवसांत कामी पडेल.

माझ्याकडचं आधी. सहा बाय चार फुटांच्या गोधडीला एकेका वितीवर टाचणी लावली तर ४५ ते ५० लागतात. मोजून ५० काढायच्या, वेगळ्या डबीत ठेवायच्या, आणि शेवटची ओळ मारल्यावर पुन्हा ५० मोजायच्या. ४९ भरल्या तर गोधडी घडी करायची नाही, उचलायचीही नाही. पसरलेली असते तोवर टाचणी जागेवर असते, घडी झाली की सरकते. जमिनीवर सांडलेली असली तरी त्याच वेळी झाडून सापडते. मोजलंच नसेल तर एक राहिली की तीन, हे कळायला मार्ग उरत नाही. सगळा घोळ तिथून होतो.

दाभण
चुंबक. रेडिओच्या बिघडलेल्या स्पीकरमागचं गोल काळं चुंबक दुरुस्तीवाल्याकडे मिळतं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून वापरा, म्हणजे चिकटलेला लोखंडाचा भुगा पिशवी उलटी केली की पडून जातो.

आधी परीक्षा घ्या. त्याच पाकिटातली टाचणी त्याच गोधडीखाली ठेवा आणि वरून चुंबक फिरवा. ओढलेलं जाणवलं तर पुढे जा. जाणवलं नाही तर गोधडी त्या चुंबकाला जाड आहे. अंतर थोडं वाढलं तरी ओढ एकदम कमी होते, म्हणून चुंबक दाबून धरायचं आणि दोन्ही बाजूंनी फिरवायचं. टाक्यांच्या ओळींच्या आडवं फिरवा, चार बोटं पट्टा झाला की पुढचा पट्टा.

सरकी
हाव न ताई, पन पितळेच्या टाचनीले चुंबक काहीच करत नाही. वरून पांढरी चकचकीत, आतून पितळ, अशाही येतात. इकत घेतानाच दुकानात चुंबक लावून पाहाजा. नाही चिकटली तं गोधडीसाठी घेऊच नका.

नवार
मोबाइलमध्ये होकायंत्र असेल तर चुंबकमापक अॅप चालतं. आपल्या भागात नुसता आकडा ४० ते ४५ मायक्रोटेस्लाच्या आसपास असतो. फोन गोधडीला टेकवून हळू सरकवा, आकडा एका जागी उसळला की तिथे लोखंड. सेन्सर बहुतेक फोनमध्ये वरच्या बाजूला असतो, म्हणून वरचं टोक पुढे ठेवा. गोधडी लोखंडी पलंगावर असेल तर सगळे आकडे खोटे येतात. लाकडी बाजेवर किंवा मातीच्या जमिनीवर पसरा, हातातल्या बांगड्या-किल्ल्या बाजूला ठेवा.

एक युक्ती: आधी त्या भागावरून चुंबक एकाच दिशेने आठ-दहा वेळा ओढा. आतली टाचणी थोडी चुंबकित होते, मग फोनला लवकर सापडते. चुंबक मात्र फोनपासून लांब ठेवा, होकायंत्र चुकतं.

पऱ्हाटी
हे माहीतच नव्हतं! चुंबक ओढून मग फोन. आज करून पाहते.

पिंजण
वरचं सगळं लुगड्या-धोतराच्या थरांच्या गोधडीला लागू. कापसाच्या रजईचं गणित वेगळं. पिंजलेल्या कापसात टाचणी कशालाच अडकत नाही, टोकाच्या बाजूने पुढे पुढे जाते, कारण डोक्याकडून कापूस अडवतो. मागे येत नाही. मग टाचे (कापूस जागेवर राहावा म्हणून घातलेले आरपार टाके) जिथे दाबून घातले तिथे, नाहीतर कोपऱ्यात कापूस दाटतो तिथे जाऊन थांबते. म्हणून रजईत आधी चारही कोपरे आणि टाच्यांच्या भोवती बघा, मधला भाग शेवटी. हाताने चापटी मारून शोधू नका. दोन्ही तळव्यांत चिमटीसारखं धरून हळू दाबत जा, टोक आडवं असेल तर कडक काडी लागते.

सापडलंच नाही तर एक बाजू उसवून कापूस बाहेर काढायचा, पसरून चुंबक फिरवायचं आणि पुन्हा पिंजून भरायचा. पिंजारी गावात आलेला असेल तर त्याला आधीच सांगा. टाचणी पिंजणयंत्रात गेली तर दात मोडतात.

लुगडं
आता काढायचं कसं ते. घाईत लोक ब्लेड घेऊन वरचं कापडच फाडतात. गरज नसते.

आधी दोन्ही टोकं बोटांनी ओळखा, डोकं कुठे आणि अणी कुठे. गोधडी त्या जागी दुमडा, म्हणजे अणी वरच्या कापडाला टेकते. डोक्याच्या बाजूने अंगठ्याने ढकला. अणी बाहेर आली की पक्कडीने धरून अणीच्या दिशेनेच सरळ ओढा. नुसती सुई किंवा बारीक डोक्याची टाचणी आरपार निघते, भोकही दिसत नाही.

काचेच्या मण्याची टाचणी अशी निघत नाही, मणी थरांत अडकतो. जोर केला तर मणी फुटून काच आत राहते, आणि काच चुंबकाला येत नाही. तिच्यासाठी जवळच्या ओळीतले तीन टाके उसवा. मधला टाका कापा आणि दोन्हीकडे दोरा ओढून गाठ मारता येईल इतक्या शेपट्या सोडा. एकदम कडेला कापलं तर गाठ मारायला दोरा उरत नाही आणि ओळ पुढे उसवत जाते. टाचणी काढली की नवीन दोरा जुन्या तीन टाक्यांवरून नेऊन मग पुढे धावदोरा. दोरा सुतीच घ्या. नायलॉनचा दोरा जुन्या लुगड्याला करवतीसारखा कापतो.

सरकी
दोऱ्याले मेन लावता का कोनी? आमच्याकडे मेनबत्तीवरून ओढतात.

लुगडं
हो, मेणाने दोरा गुंतत नाही. जास्त लावलं तर पांढऱ्या कापडावर ओळ पिवळी पडते. मधमाशीचं मेण मिळालं तर उत्तम.

मेळघाटकर
इकडे मधमाशीचं मेण मिळतं. कुणाला लागत असेल तर बाजाराच्या दिवशी सांगा.

पऱ्हाटी
मला हवं! पण धागा टाचणीचा आहे हो.

कळणा
गंजाच्या डागाचं. टाचणी निघाली तरी तांबडा डाग राहतो आणि तिथलं सूत कुजल्यासारखं होतं, धुताना नेमकं तिथेच फाटतं. लिंबू पिळा, वर मीठ, दोन तास उन्हात, मग साध्या पाण्याने खळबळून धुवा. दोनतीनदा करावं लागतं. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं पाणी गंजाला कधीच लावू नका, डाग पक्का बसतो आणि सूत आणखी कमजोर होतं. रंगीत लुगड्यावर लिंबू आधी कोपऱ्यात लावून रंग जातो का बघा. सूत गेलंच असेल तर त्या जागी ठिगळ लावून चारही बाजूंनी जवळ टाके मारा.

शिलाईमशीन
मशीनवर गोधडी मारणाऱ्यांसाठी. टाचणी मशीनच्या पायाखाली जाण्याआधी काढा, त्यावरून सुई नेऊ नका. सुई टाचणीवर आपटली की मोडते, कधी टायमिंगही (सुई आणि खालच्या हुकाचा मेळ) बिघडतं. जाड थरांना १६ नंबरची सुई, त्याहून जाड असेल तर १८.

सुई मोडली तर तिथेच थांबा. तुकडे गोळा करून नव्या सुईशेजारी ठेवा, लांबी जुळली पाहिजे. अणीचा पाव इंच तुकडा बहुतेक वेळा कापडातच असतो आणि तो टाचणीपेक्षा वाईट, कारण डोकंच नाही, पुढे जातच राहतो. कपड्यांच्या कारखान्यात मोडलेल्या सुईचे सगळे तुकडे जुळवून नोंदवहीत चिकटवतात, त्याशिवाय नवी सुई देत नाहीत. तिथली तपासणी यंत्रं १ ते १.२ मिलिमीटरची लोखंडी गोळीही पकडतील अशी लावलेली असतात. घरी ते शक्य नाही, पण वहीची सवय लावता येते.

दवाखान्यातली
टोचल्यावर काय करायचं ते लिहिते, वरती कुणी लिहिलं नाही. जखम दाबून थोडं रक्त वाहू देणं वगैरे नको, साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. धनुर्वात गंजामुळे होत नाही, त्याचे जंतू माती आणि शेणात असतात. आपल्या गोधड्या सारवलेल्या जमिनीवर पसरून शिवल्या जातात, म्हणून टाचणी नवी कोरी असली तरी इंजेक्शनचं विचारा. घाण जखम असेल आणि शेवटचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर उपकेंद्रात जा.

तुकडा मांसात मोडला तर उकरू नका. तो भाग हलू न देता बांधा आणि एक्स-रे होतो तिथे न्या. लेकराने टाचणी गिळली तर केळं खाऊ घालणं, उलटी करवणं काहीच करायचं नाही, तोंडाने काही न देता लगेच मोठ्या दवाखान्यात न्यायचं.

सरकी
देव भलं करो तुमचं ताई. आमच्याकडे केळंच चारतात.

दाभण
म्हणूनच बाळाच्या दुपट्याला आणि लहान गोधडीला टाचणी लावायचीच नाही. चारही बाजूंना आणि मधून वितीवर कच्चा टाका मारायचा, गडद रंगाच्या दोऱ्याने, म्हणजे काढताना एकही सुटत नाही. कडेला कपड्यांचे चिमटे चालतात. मधे थर सरकू नयेत म्हणून धुतलेले सपाट गोटे ठेवा.

मेळघाटकर
बाभळीचे काटे लावलेले पाहिलेत. चालतात का?

दाभण
नाही भाऊ. टोक आत मोडतं, आणि काट्याला ना चुंबक लागतं ना फोन. टाचणीच लावायची तर प्रत्येकीच्या डोक्याला वीतभर लाल दोरा बांधा. डोकं थरात शिरलं तरी लाल शेपूट वर दिसत राहते. सुईलाही तेच, दोऱ्याशिवाय सुई गोधडीवर टेकवायची नाही. ठेवायला साबणाची वडी चांगली, सुई टोचून ठेवली की पुढच्या वेळी कापडातून सहज जाते. पावसाळ्यात मात्र साबणातली सुई गंजते, तेव्हा तेलाच्या फडक्यात ठेवा.

पऱ्हाटी
चुंबक ओढून फोन फिरवला. कोपऱ्याजवळ आकडा ४३ वरून ७० वर गेला. आणखी एक होती, शिवणीच्या आत, ओळीला समांतर. लुगडं ताईंनी सांगितलं तशी दुमडून काढली, एकही टाका उसवला नाही.

नवार
त्याच जागी पुन्हा फिरवा. ४३ वर आला का?

पऱ्हाटी
आला. आता दुसऱ्या बाजूनं.